पुतळ्याच्या गळ्यातली माळ

रविवारची सकाळ होती. राजूरच्या गणपतीचे दर्शन आटोपलेले भाविक पूर्वी प्रसादाचा पुडा घेऊन थेट आपापल्या गावी परतत. अलीकडे मात्र त्यांतले निम्मेअधिक धावड्याच्या वाटेला लागत आणि मक्याच्या शेताकडेला उभारलेल्या एका पत्र्याच्या मांडवाशी येऊन थांबत. मांडवात माळवाले बुवा बसत. कावीळ उतरविण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, अशी ख्याती तालुक्याची शीव ओलांडून गेली होती. कोणी आजाऱ्याला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून आणी, कोणी टेम्पोत गादी अंथरून.

बुवांसमोर पितळी परात असे आणि तीत चुन्याची निवळी. बुवा आजाऱ्याच्या तळहातांना कसलेसे मळकट पाणी चोळत, ओठांतल्या ओठांत मंत्र पुटपुटत आणि ते हात परातीत बुडवीत. पाहता पाहता पाणी पिवळेधमक होई आणि गर्दीतून एक हुंकार उठे. मंत्र संस्कृताच्या वळणाचा होता. त्यात विसर्ग उदंड होते, अर्थ मात्र एकाही पदाला नव्हता.

"बघा," परात तिरकी करून बुवा म्हणत, "ही अंगातून निघाली. डाक्टर रक्त काढतो अन् कागद देतो. मी कागद देत न्हाई, पाणीच दाखवतो. मी दवाखान्याच्या विरोधात बिलकुल न्हाई. पाय मोडला तर जावा. पण काळजाखालचं दुखणं लोखंडाला भीत न्हाई. लोखंड लागलं की गाठ चवताळती अन् अंगभर पळती."

त्यानंतर माळ. रानवेलीच्या हिरव्या, ओल्या कांड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पांढऱ्या दोऱ्यात गुंफून केलेली ती माळ आरंभी इतकी तोकडी असे, की डोक्यावर मुकुटासारखी जेमतेम बसावी. पुढच्या दिवसांत ती आपोआप वाढे. कपाळावरून गळ्यात उतरे, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. "बेंबीशी टेकली की रोग विरघळला," बुवा सांगत. आणि माळ खरोखरच वाढत असे. एकशेआठ तुकड्यांची ती माळ कोणी ओढत नसे, कोणी तीत नवा तुकडा घालत नसे. तरी ती वाढे. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले होते, त्यांच्याशी वाद कोण घालणार?

त्या रविवारी रांगेत राजूरचे कापडाचे व्यापारी बालकिशनशेट उभे होते. त्यांच्या तीन पिढ्या राजूरच्या पेठेत गेल्या होत्या. मारवाडी घरात आणि मराठी ओट्यावर, अशी त्यांची वाटणी होती. त्यांच्या खांद्याला धरून पत्नी लाडबाई उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी कपाळापर्यंत ओढला होता, कारण औषधांनी केस गेले होते. बुवांनी तो पदर हलकेच मागे सारला, त्या उघड्या मस्तकावर हिरवी माळ ठेवली आणि म्हणाले, "माय, आता विष घेणं बंद. सुई बंद, गोळी बंद."

बालकिशनशेटांनी हात जोडले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्या पुसण्याचेही त्यांना भान राहिले नाही.

लाडबाईंच्या यकृतात मोठी गाठ होती. संभाजीनगरच्या ज्या दवाखान्यात निदान झाले, तेथील डॉक्टरीणबाईंनी शेटजींना आणि त्यांचा मुलगा अमन याला समोर बसवून, पाटीवर चित्र काढून सर्व समजाविले होते. "गाठ इतकी पसरलेली आहे की आज कापायला गेले, तर मागे पुरेसे यकृत उरणार नाही. म्हणून आधी औषधाने तिला आकसवायचे. ती आकसली की ठरल्या दिवशी शस्त्रक्रिया. नुसत्या औषधाने ती पुन्हा वाढेल आणि नुसती शस्त्रक्रिया आज करता येणार नाही. दोन्ही मिळून हा एकच उपचार आहे असे समजा. औषध संपले की चार-सहा आठवड्यांची संधी मिळते. ती दवडू नका."

गाठीने पित्ताची वाट दाबली होती, म्हणून कावीळ होती. त्या वाटेत एक बारीक नळी बसविताच डोळ्यांचा पिवळेपणा ओसरू लागला. मग औषधाच्या तीन फेऱ्या झाल्या. त्या दिवसांचे वर्णन करू नये. लाडबाईंना पाण्याचा घोटही कडू लागे. स्वयंपाकघरात फोडणी पडली की त्या मागच्या ओसरीत जाऊन बसत. पत्नी जेवत नाही म्हणून शेटजींचेही जेवण सुटले. ताटावर बसत, दोन घास चिवडत आणि उठत. तिसऱ्या फेरीनंतर स्कॅनची नवी चित्रे काढली तेव्हा गाठ निम्म्याने आकसली होती. डॉक्टरीणबाई प्रथमच हसल्या. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी बावीस तारीख दिली.

त्याच आठवड्यात कोणीतरी शेटजींना माळवाल्या बुवांचे नाव सांगितले.

शेटजींचे जिवलग मित्र राजानंदगुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे विज्ञान शिकविले; अमनही त्यांचाच विद्यार्थी. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर दोघांचा चहा ठरलेला. माळेची वार्ता कानी येताच गुरुजी नेहमीच्या वेळेआधीच आले.

"शेट, माळ घालायची तर घाला. गळ्यात घातल्यानं काय बिघडत न्हाई. पण बावीस तारीख चुकवू नका."

"बुवा म्हणतात, लोखंड लावायचं नाही."

"बुवा किती शिकलाय?"

"गुरुजी, तिनं काल खिचडी खाल्ली," शेटजी म्हणाले. "दोन महिन्यांनी. अख्खी वाटी. वरून कढी मागितली. माळ घातल्यापासून ओकारी नाही, मळमळ नाही. तुमच्या विज्ञानानं तिला काय दिलं? टक्कल."

"औषध थांबलं म्हणून औषधाचा त्रास थांबला, शेट. त्यानं रोग थांबला असं होत न्हाई. जरा विचार करा. ती कावीळ नळी बसवल्यापासूनच उतरून राह्यली होती. तुम्हीच मला सांगितलं होतं न्हाई का?"

जे बोलू नये ते माणूस नेमके अशाच वेळी बोलतो. शेटजी म्हणाले, "तुमच्या घरात देव नाही, गुरुजी. म्हणून तुम्हाला दुसऱ्याचाही दिसत नाही."

गुरुजींनी अर्धा चहा तसाच ठेवला. चपला घातल्या. "बाईंना नमस्कार सांगा," एवढेच म्हणाले आणि ओटा उतरले. चाळीस वर्षांच्या स्नेहात असे कधी घडले नव्हते. त्यानंतर ते आले नाहीत.

बावीस तारीख आली आणि गेली. दवाखान्यातून फोन आला, तेव्हा शेटजींनी सांगितले की घरात लग्न आहे, पुढची तारीख द्या. लग्न नव्हते. अमन एकदा "पिताजी..." म्हणाला आणि थांबला, वडिलांपुढे उंच आवाजात बोलण्याची त्या घरात रीत नव्हती. माळ गळ्यात उतरली, छातीवर आली. रोज सकाळी पूजा झाली की शेटजी ती निरखून पाहत आणि म्हणत, "आज दोन बोटं अजून." लाडबाई मंद हसत. मग दोघे समोरासमोर जेवायला बसत. माळ बेंबीशी टेकली त्या दिवशी शेटजींनी शेजारीपाजारी पेढे वाटले.

आठ दिवसांनी लाडबाईंचे डोळे पुन्हा पिवळे झाले.

बुवांनी मुळीच न गडबडता दुसरी माळ दिली. "मुळाची गेली, आता शेंड्याची काढू. माय, विश्वास ढिला पडला असंल कुठं तरी."

शेटजींची नात रितिका नववीत होती. आजीच्या पायांना सूज चढलेली तिने पाहिली होती आणि पेढ्यांचा कागदही अजून कोनाड्यात होता. ती कोणाला न सांगता गुरुजींच्या घरी गेली.

"गुरुजी, ती माळ आजारी नसलेल्या माणसाच्या गळ्यात पण वाढेल का?"

"माझ्याकडून उत्तर नको घेऊस. करून बघू."

त्याच दुपारी ते बुवांच्या रांगेत जाऊन बसले. ठणठणीत प्रकृतीच्या, सत्तरीत रोज दोन कोस चालणाऱ्या त्या गृहस्थाच्या पापण्या बुवांनी वर-खाली ओढून पाहिल्या आणि मान हलविली. "मुरलीय. आठ दिवस उशीर केला असता तर गेल्ता तुम्ही." परातीत गुरुजींचे हात बुडताच पाणी पिवळेधमक झाले. गुरुजींनी गंभीर मुद्रेने हुंकार दिला आणि माळ घेऊन परतले.

रितिकाने ती माळ दुकानाच्या माडीवर नेली. तेथे साड्या नेसवून दाखविण्याचा एक जुना पुतळा होता. नाक थोडे झिजल्यामुळे तो खाली दर्शनी ठेवीत नसत. तिने माळ त्याच्या डोक्यावर बसविली. आजीच्या डोक्यावर दुसरी माळ त्याच दिवशी चढली होती. रोज शाळेला जाण्यापूर्वी रितिका कापड मोजण्याची मीटरपट्टी घेऊन आधी आजीची माळ मोजी, मग माडीवर जाऊन पुतळ्याची. खडूने माडीच्या दारावर दोन ओळी लिही. आठव्या दिवशी आजीची माळ एकशे बारा सेंटीमीटर होती आणि पुतळ्याची एकशे चौदा.

त्या संध्याकाळी तिने आजोबांचा हात धरून त्यांना माडीवर नेले. गुरुजी तेथे आधीच उभे होते. शेटजींनी प्रथम त्यांच्याकडे पाहिले, नंतर खाली मान घातली. मग पुतळ्याकडे पाहिले. माळ त्याच्या छातीवरून खाली लोंबत होती.

"दादाजी, याला तर कावीळ नाही ना," रितिका म्हणाली.

गुरुजींनी माळ काढली आणि त्यांच्या हातात दिली. "या तुकड्यांना भोक पाडलेलं न्हाई, बघा. दोरा आरपार गेला न्हाई. प्रत्येक तुकड्याला वेढे मारून घट्ट आवळलाय. वेल ओली असती तवा तुकडे जाड असतात, एकमेकांना चिकटून बसतात. वाळले की आकसतात. मंग वेढा सैल पडतो अन् त्यातला दोरा बाहेर सरकतो. तुकडे तेवढेच राहतात, मधला दोरा वाढतो. बोटानं चाचपा."

शेटजींनी चाचपले. साठ वर्षे कापडाची वीण बोटांनी ओळखणाऱ्या त्या माणसाला हे कळायला क्षणभरही लागला नाही. तुकडे वाळून काटकीसारखे झाले होते आणि प्रत्येक दोहोंच्या मध्ये गव्हाच्या दाण्याएवढा नुसता दोरा होता. तुकडे मात्र तेच एकशेआठ.

"अन् पाणी?" त्यांनी विचारले.

"आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला चोळतो. चुन्याच्या निवळीत तो पिवळा होतो. माझ्या हाताचं बी झालं. रितिकाच्या हाताचं बी करून दाखवतो."

शेटजी पुतळ्याच्या पायाशी बसले. "गुरुजी, मी तुम्हाला काय बोललो त्या दिवशी."

"ते मरू द्या. मी रुसून घरी बसलो, हा माझा गुन्हा. मला तवाच ही माळ मागायची बुद्धी व्हायला पाहिजे होती. आता उठा. अमनला गाडी काढायला सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी नवी आणि जुनी चित्रे शेजारी शेजारी लावली. आकसलेली गाठ पहिल्यापेक्षा मोठी झाली होती, यकृताच्या मुख्य शिरेत शिरली होती आणि फुप्फुसांत बारीक ठिपके उमटले होते.

"आता शस्त्रक्रिया?" शेटजींनी विचारले.

"आता नाही करता येणार."

"त्या बावीस तारखेला आलो असतो तर वाचली असती का?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "खोटा धीर देणार नाही आणि खोटा दोषही देणार नाही. कदाचित बरी झाली असती, कदाचित दोन वर्षांनी गाठ परत आली असती. पण त्या दिवशी आमच्या हातात काहीतरी होते. आज यातना कमी करणे एवढेच आहे आणि ते आम्ही मनापासून करू."

परतीच्या वाटेवर अमन गाडी चालवत होता. जालन्याचा वळणरस्ता मागे पडला, कपाशीची शेते आली. लाडबाई मागे पतीच्या खांद्यावर डोके टेकून होत्या. शेटजींनी त्यांना माळेचे सर्व सांगितले: तुकडे, दोरा, वेढे. त्यांना वाटले होते, त्या हादरतील.

"ठाऊक होतं," लाडबाई हलक्या स्वरात म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"मी रोज जप करते, रितिकाचे दादाजी. हातात माळ आली की बोटं मोजल्याशिवाय राहत नाहीत. पहिल्या दिवशी एकशेआठ होते, शेवटच्या दिवशीही एकशेआठ. नुसता दोरा लांबला, हे मला पाचव्या-सहाव्या दिवशीच दिसलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

लाडबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. "कापून घ्यायची भीती वाटत होती, हे खरं. आणि तुम्ही जेवायला लागला होता. दोन महिन्यांनी पोटभर. रोज सकाळी माळ पाहून हसायचा. मला वाटलं, अजून एक दिवस हसू दे. असं करत करत बावीस तारीख गेली."

शेटजींनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ज्या प्रेमापायी ते बुवांच्या दारी गेले होते, त्याच प्रेमापायी त्या गप्प राहिल्या होत्या. आणि दोघांच्या मधोमध तो भोंदू सुखाने दोरा वळत बसला होता.

पुढच्या रविवारी बालकिशनशेटांनी पुतळा खांद्यावर घेतला. अमनने गाडीत ठेवण्यास हात पुढे केला, तो नाकारून त्यांनी स्वतःच पुतळा आत ठेवला; गुरुजीही सोबत बसले. मांडवात गर्दी नेहमीसारखीच होती. शेटजींनी पुतळा परातीसमोर उभा केला. त्याच्या गळ्यात पुन्हा घातलेली माळ आता बेंबीच्याही खाली लोंबत होती.

"बुवा, याची कावीळ उतरली का, तेवढं सांगा."

गर्दीत खसखस पिकली. बुवा सावरून बसले. "शेट, पुतळा बाईचा हाय. दुकानात रोज शंभर नजरा पडतात त्याच्यावर. निर्जीवाला बी बाधा होत असती."

"मंग त्याचं काळीज कुठं हाय, ते बोट लावून दाखवा," मागून राजानंदगुरुजी म्हणाले, तेव्हा बायकांच्या रांगेतही हशा उठला. गुरुजींनी खिशातून सालीच्या रसाची बाटली काढली, समोरच्या एका धडधाकट पैलवान गड्याच्या हातांना रस चोळला आणि ते हात बुवांच्याच परातीत बुडविले. पाणी पिवळे झाले. गडी घाबरून हात पाहू लागला. "घाबरू नको," गुरुजी म्हणाले, "तुला काय झालं न्हाई. परातीला झालंय." मग माळेचा एक वेढा सोडवून त्यांनी सर्वांना दोरा दाखविला.

बुवा पुटपुटत उठले आणि पाणी बदलण्याच्या निमित्ताने मांडवामागे गेले.

शेटजी पुढे आले. पेठेत बोलण्याची त्यांना सवय होती. अशा गर्दीसमोर ते पहिल्यांदाच उभे होते.

"मी देव मानतो," ते म्हणाले. "रोज गणपतीला जातो, उद्याही जाईन. देवाला सोडा असं मी कोणाला सांगायला आलो नाही. माझ्या घरात कॅन्सर आहे. डॉक्टरनं औषध देऊन गाठ बारीक केली अन् तारीख दिली. त्या तारखेला मी बायकोच्या अंगावर अशीच माळ मोजत बसलो. आज तारीखही नाही अन् इलाजही नाही. ओकारी थांबली, मला वाटलं दुखणं गेलं. तुमच्यापैकी ज्याच्या कोणाच्या घरात दवाखान्याचा कागद असेल, त्यांनी तो काढून बघा. त्याच्यावर काय लिहिलंय ते डॉक्टरला विचारा, दहा वेळा विचारा. अन् इथं जे दाखवतात, तेही विचारा. माळ वाढली तर पुतळ्याच्या गळ्यात घालून बघा. एवढंच सांगायचं होतं."

गर्दी थोडी हलली. काही जण एकमेकांकडे पाहू लागले. बहुतेक जागचे उठले नाहीत. इतक्या दुरून आलेल्या माणसाला रिकाम्या हाती परतणे फार जड जाते. मांडवाच्या कडेला एक पोक्त मजूर बसला होता, धावड्याचा वसंता. त्याच्या डोक्यावर ताजी हिरवी माळ होती आणि मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याची जाड फाइल. त्याने ती शेटजींपुढे धरली.

"वाचता येत न्हाई मला. तारीख बघा बरं."

शेटजींनी पाने उलटली. "येत्या गुरुवारची. ऑपरेशनाची."

"मंग इथं काय करून राह्यलो मी?" वसंता स्वतःशीच म्हणाला. त्याने माळ काढून बाजूला ठेवली, फाइल काखेत मारली आणि सडकेकडे चालू लागला.

शेटजी घरी आले तेव्हा लाडबाई उशाला टेकून पडल्या होत्या. वेदनेचे औषध नुकतेच घेतले होते, त्यामुळे चेहरा शांत होता. त्यांनी विचारले, "किती जण उठले?"

"एक."

लाडबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "त्याला बायको आहे का?"

"आहे. कागदावर तिचा अंगठा होता. घरी वाट बघत असेल."

"मग दोघं उठले," त्या म्हणाल्या, आणि पतीचा हात ओढून त्यांनी आपल्या उशाशी ठेवला.